तीन चटयांची खोली

प्रश्न : माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा आटोपली की ती आणि तिचे आठ मित्र-मैत्रिणी जपानमधल्या ओसाकाला जायचं ठरवून राहिले आहेत. विमानाचं तिकीट सोडलं तर आठवड्याचा सगळा खर्च माणशी पंचवीस-सत्तावीस हजारांत बसवू, असं ती सांगते. आमच्या पिढीनं जपान म्हणजे जगातला सगळ्यात महाग देश, असंच ऐकलं. पोरं आम्हाला गुंडाळून तर नाही राहिली ना? आणि इतक्या स्वस्तात खोली मिळते ती कशी, आणि असते तरी कोणाची?
– एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पोरं गुंडाळत नाहीयेत. तिचा हिशोब मी माझ्या परीनं पुन्हा मांडून पाहिला आणि तो जवळपास तिथेच येऊन थांबला. पण तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न, ती स्वस्त खोली कोणाची, हा मला सगळ्यात मोलाचा वाटला. तो फारसं कोणी विचारत नाही. आधी पैशाचं बोलून घेऊ, मग खोलीकडे येऊ.

तुम्ही ऐकलं होतं ते त्या वेळी खरंच होतं. 1980 च्या दशकात जपानमध्ये जमिनीचे आणि शेअरचे भाव आभाळाला भिडले होते. 1990 नंतर तो फुगा फुटला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं तिथले भाव आणि पगार जागच्या जागी बसून राहिले. गोकुळपेठच्या बाजारात त्याच तीस वर्षांत भाजीचे भाव कुठून कुठे गेले ते तुम्हीच पाहिलं आहे. आपल्याकडे महागाईही वाढली आणि मध्यमवर्गाची मिळकतही वाढली. जपान तिथेच थांबला होता, आपण चालत चालत त्याच्या जवळ पोचलो.

दुसरी गोष्ट येनची. 2012 च्या सुरुवातीला शंभर येनला साधारण पासष्ट रुपये मोजावे लागत. त्यानंतर डॉलरसमोर आपला रुपया बराच घसरला, पण येन त्याहून जास्त घसरला, विशेषतः 2022 पासून. अलीकडे शंभर येन 55 ते 60 रुपयांत मिळतात. मात्र एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. आपल्याला जे स्वस्त वाटतं ते तिथल्या माणसाला आता स्वस्त उरलेलं नाही. 2025 च्या वसंतात जपानमधल्या दुकानांत तांदळाचा भाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाला होता. पगार मात्र महागाईच्या मागे धापा टाकत चालले आहेत. तेव्हा दुकानात उभं राहून ‘किती स्वस्त आहे बाप्पा’ असं मोठ्यानं म्हणू नये. भाषा कळली नाही तरी सूर कळतो.

आता हिशोब. मुलांचं शहाणपण यात आहे की त्यांनी एकच शहर निवडलं. बहुतेक सहली तोक्यो, फुजी, क्योतो, हिरोशिमा असं सगळं आठवड्यात कोंबतात आणि त्यासाठी साऱ्या देशात चालणारा रेल्वेचा पास काढतात. सात दिवसांचा तो पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून एकदम 50,000 येनवर गेला. तुमच्या मुलीचा ओसाकातला आठवडा बघा : झोपायची जागा रोज 3,000 येनप्रमाणे सहा रात्री, म्हणजे 18,000. जेवणखाण रोज 2,000 प्रमाणे सात दिवस, 14,000. विमानतळाची ये-जा, शहरातली मेट्रो, क्योतो, नारा आणि एक डोंगरातली फेरी मिळून 11,000 च्या आसपास. तिकीट लागणाऱ्या जागांसाठी 3,000. एकूण 46,000 येन, म्हणजे सव्वापंचवीस ते साडेसत्तावीस हजार रुपये. त्या रेल्वे पासच्या किमतीत सगळा आठवडा उरकून वर चार हजार येन शिल्लक राहतात.

विमानाचं तिकीट हाच खरा मोठा खर्च. नागपूरहून थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्ली गाठायची, तिथून बहुधा बँकॉक, क्वालालंपूर किंवा हनोईला विमान बदलायचं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात, तेव्हा खोल्या आणि गाड्या दोन्ही भरलेल्या. चेरीच्या फुलोऱ्याचे मार्चअखेर-एप्रिलचे दिवसही महागच. त्यानंतरचे मेचे उरलेले तीन आठवडे उत्तम. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो तेव्हा ओसाकात दिवसा पंचविशीच्या आगेमागे हवा असते. जूनच्या पूर्वार्धात तिथे पाऊस सुरू होतो.

शहरात हिंडायला फार पैसे लागत नाहीत. ओसाका मेट्रोचा दिवसभराचा पास शनिवार-रविवारी 620 येनला आणि इतर दिवशी 820 ला मिळतो. नाम्बाहून नारा 680 येन आणि चाळीस मिनिटं. उमेदाहून क्योतो 410 येन आणि पाऊण तास. ओसाकाच्या किल्ल्यात आत जायचं तिकीट एप्रिल 2025 पासून दुप्पट होऊन 1,200 येन झालं, पण कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं तर निम्म्यात काम होतं. तेव्हा ओळखपत्र घरी ठेवून जाऊ नये. खरं म्हणजे किल्ल्याचा मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये नव्यानं उभारलेला आहे. हिदेयोशी या सरदारानं 1583 मध्ये सुरू केलेल्या किल्ल्याचा दरारा बघायचा असेल तर बाहेरच्या बागेतून खंदकाच्या कडेकडेनं चालावं, प्रचंड दगडांच्या त्या तटाला फेरी मारावी. त्याला एक येनही लागत नाही. इ.स. 593 मध्ये स्थापन झालेल्या शितेन्नोजी मंदिराचं बाहेरचं आवारही खुलं असतं. दर महिन्याच्या 21 आणि 22 तारखेला तिथे जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो. तारखा जुळत असतील तर तो चुकवू नये.

आता खोली. एवढ्या पैशात जागा मिळते ती मुख्यतः शिन-इमामिया नावाच्या स्टेशनच्या आसपास. विमानतळावरून नानकाई कंपनीची साधी गाडी तिथे पाऊण तासात, हजार येनच्या आत आणून सोडते. स्टेशनच्या दक्षिणेकडचा भाग म्हणजे निशिनारी, आणि त्यातली काही गल्ल्यांची वस्ती म्हणजे कामागासाकी. सरकारी कागदात तिला 1966 पासून आइरिन हे दुसरं नाव आहे, पण जुनी माणसं कामागासाकीच म्हणतात.

नागपुरात सकाळी चौकाचौकांत मजुरांचा ठिय्या असतो, ते चित्र डोळ्यांपुढे आणा. डबा सायकलीला अडकवलेला, हातात थापी किंवा घमेलं, ठेकेदाराची गाडी आली की सगळे पुढे होतात. कामागासाकी हा ओसाकाचा ठिय्या होता, जपानमधला सगळ्यात मोठा. पहाटे ठेकेदारांच्या गाड्या यायच्या आणि हजारो माणसं रोजंदारीवर बांधकामाला, गोदीला जायची. 1970 साली ओसाकाजवळ सुइता इथे जागतिक प्रदर्शन भरलं, सहा महिन्यांत सव्वासहा कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं. त्याचे मंडप, त्यासाठीचे रस्ते आणि रेल्वे उभारायला देशभरातून तरुण मजूर इथे गोळा झाले होते. काम मिळेल तोवर राहायचं, म्हणून त्यांना दिवसाच्या भाड्यानं खोल्या लागायच्या. त्या खोल्यांना ‘दोया’ म्हणतात. जपानीत मुक्कामाच्या जागेला ‘यादो’ असा शब्द आहे. मजुरांनी तो उलटा केला. माणसानं राहावं अशी ही जागा नाही, म्हणून तिचं नावही सरळ घ्यायचं नाही, असा त्याचा अर्थ सांगतात. मला या एका शब्दात त्या वस्तीची सगळी कडवट समज दिसते.

फुगा फुटला तेव्हा बांधकामं थांबली. जे तरुण आले होते ते तिथेच म्हातारे झाले. अनेकांनी घरी परतण्याचा रस्ता केव्हाच सोडून दिला होता. खोल्या रिकाम्या पडू लागल्या तेव्हा काही मालकांनी त्या रंगवल्या, इंटरनेट बसवलं आणि पाठीवर पिशवी घेऊन हिंडणाऱ्या परदेशी मुलांना द्यायला सुरुवात केली. काही इमारतींत अजूनही वयस्क मजूर सरकारी मदतीवर राहतात आणि शेजारच्या इमारतीत जगभरातली विद्यार्थी मंडळी. तुमच्या मुलीची स्वस्त खोली बहुधा याच इमारतींतली असेल.

मी अशाच एका इमारतीत चार रात्री काढल्या आहेत. खोली तीन चटयांची. जपानी घरात खोलीचं माप जमिनीवरच्या जाड गवती चटयांत, म्हणजे तातामीत, सांगतात. तीन तातामी म्हणजे सुमारे पन्नास चौरस फूट. गादी अंथरली की दाराशी चपला काढण्यापुरती जागा उरते. पायाशी हातभर उंचीचा फ्रीज, भिंतीवर छोटा टीव्ही, खिडकीला जाड जाळीची काच. हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागायची. चादर मात्र कडक इस्त्रीची आणि चटईवर धुळीचा कण नाही. न्हाणीघर तळमजल्यावर, सगळ्यांचं मिळून. तिथे रोज संध्याकाळी एक ऐंशीच्या घरातले आजोबा यायचे. आधी छोट्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं, हा रिवाज मला त्यांनी एक शब्द न बोलता, नुसत्या हाताच्या खुणेनं शिकवला. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून तुटलेली होती. कशी ते विचारण्याएवढी भाषा मला येत नव्हती, आणि येत असती तरी विचारलं नसतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्या खोल्या ज्यांनी हे शहर बांधलं त्यांच्या आहेत. मुलांनी तिथे जरूर राहावं. पण गल्लीत बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांचे, रांगेत उभ्या असलेल्यांचे फोटो काढू नयेत. रात्री उशिरा घोळक्यानं हसत-खिदळत येऊ नये, त्या भिंती पातळ आहेत. आसपास नवी, चकचकीत हॉटेलंही उभी राहिली आहेत आणि जागेचे भाव चढायला लागले आहेत. स्वस्त खोल्या उद्या राहतील की नाही, आणि त्यात राहणारी माणसं मग कुठे जातील, याची काळजी तिथे काम करणाऱ्या संस्थांना आहे. मलाही आहे.

मुलींबद्दल : अशा काही इमारतींत फक्त बायकांसाठी वेगळा मजला आणि वेगळी न्हाणीची वेळ असते, काहींत नसते. खोली घेताना तेवढं नीट वाचून घ्यायला सांगा. रस्त्यांवर मला भीती वाटावी असं काही दिसलं नाही. तरी रात्री दोघी-तिघींनी मिळून यावं, हे घरचं माणूस म्हणून सांगतो.

प्रश्न : व्हिसा आता ऑनलाइन मिळतो म्हणतात. कॉलेजच्या मुलांना बँकेत पैसे दाखवायला लागतात का? छापील प्रत घेऊन गेलं तर चालतं का?
– त्याच गटातला एक विद्यार्थी

उत्तर : भारतात राहणाऱ्या भारतीयांना 1 एप्रिल 2024 पासून पर्यटनासाठी एकदा जाण्याचा व्हिसा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतो. त्याचं मूळ शुल्क आपल्यासाठी फार कमी राहिलं आहे, सेवा केंद्राचा आकार त्यावर वेगळा. तुमची स्वतःची मिळकत नसल्यानं आईवडिलांचं हमीपत्र, त्यांचे बँकेचे कागद आणि कॉलेजचं बोनाफाइड लागेल. रोज कुठे राहणार, काय पाहणार याचा तक्ता लागतो, तो नऊही जणांचा एकसारखा ठेवा. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे येतं.

छापील प्रत चालत नाही, फोनमध्ये काढून ठेवलेलं चित्रही चालत नाही. विमानतळावर जपान सरकारच्या संकेतस्थळावरून व्हिसाचं पान तिथल्या तिथे उघडून दाखवावं लागतं. म्हणजे फोन चार्ज केलेला आणि इंटरनेट चालू हवं. नऊ जणांत एका तरी माणसाजवळ पॉवर बँक असू द्या, आणि ती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : माझी नात शुद्ध शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. जपानात मुलगी उपाशी राहील याच काळजीनं मला झोप नाही. बरोबर काय देऊ? आपली संत्री दिली तर चालतील का?
– एक आजी, धरमपेठ

उत्तर : आजी, संत्री नका देऊ. ताजी फळं विमानतळावरच काढून घेतील, त्यांच्या बागांना कीड लागू नये म्हणून नियम फार कडक आहेत. मांसाचे पदार्थही चालत नाहीत, पण तो प्रश्न तुमच्याकडे नाही. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडं भाजलेलं पोह्यांचं आणि सांज्याचं सामान, खाकरे, हे सगळं द्या. इमारतीत गरम पाणी कायम मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर असतं. चार वाट्या तांदूळ तिथेच विकत घेतले आणि वरून मेतकूट-तूप घातलं, की नातीला धरमपेठेत बसल्यासारखं वाटेल.

अडचण दिसते त्याहून बारीक आहे, म्हणून नातीला समजावून सांगा. जपानी स्वयंपाकात मासा दिसत नाही तिथेही असतो. वाळवून किसलेल्या माशाचा आणि समुद्री शेवाळाचा जो अर्क करतात, त्याला दाशी म्हणतात. आपल्याकडे फोडणी, तशी तिथे दाशी. उदोन शेवयांच्या कढीत ती असते, भाज्या शिजवताना असते, टोफूच्या गोडसर पिशवीत भात भरून करतात त्या इनारीतही बहुधा असतेच. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘माशाची दाशी नको’ असं सांगावं लागतं. हे वाक्य जपानी लिपीत एका पुठ्ठ्यावर लिहून घ्यावं आणि दुकानात दोन्ही हातांनी पुढे धरावं. नाही म्हणताना तो दुकानदार मनापासून वाईट वाटल्याचा चेहरा करतो, तेव्हा रागावू नये. खोटं ‘हो’ म्हणण्यापेक्षा ते बरं.

हमखास चालणाऱ्या गोष्टीही आहेत. चोवीस तास उघड्या दुकानांत भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, ओनिगिरी. दीड-दोनशे येनला एक. आत खारवलेलं उमे फळ भरलेला गोळा पुष्कळदा चालतो, तरी पाठीमागची यादी फोननं भाषांतर करून वाचावी. त्याचं वेष्टन बघण्यासारखं आहे : 1, 2, 3 असे आकडे छापलेले असतात. त्या क्रमानं ओढलं तर शेवाळाचं कुरकुरीत पान भाताला आपोआप गुंडाळलं जातं. क्रम चुकला की पान अर्धं प्लास्टिकमध्ये राहतं. भाजलेली रताळी, केळी, साधा टोफू, शिजवलेल्या सोयाच्या शेंगा यांना दाशीची भीती नाही. ओसाकात भारतीय उपाहारगृहंही आहेत, दुपारचं जेवण तिथे हजार येनच्या आसपास पडतं.

बाकीच्या मंडळींसाठी एक सांगतो. निशिनारीत सुपर तामादे नावाची स्वस्त बाजारहाटीची दुकानं आहेत, पिवळ्या-लाल दिव्यांनी रात्रभर लखलखणारी. संध्याकाळ उलटली की तयार पदार्थांच्या फळीशी एक कर्मचारी हातात छोटं यंत्र घेऊन येतो आणि डब्यांवर अर्ध्या किमतीचे स्टिकर लावत जातो. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं टोपल्या घेऊन शांत उभी असतात. स्टिकर लागेपर्यंत कोणी डब्याला हात लावत नाही, लागला की मात्र घाई करतात. नऊ जणांनी एकदम त्या फळीवर पडू नये. ज्यांचं रात्रीचं जेवण त्यावर अवलंबून आहे त्यांना आधी घेऊ द्यावं. तसंच, लहान खाणावळीत एका ओळीत आठ खुर्च्या असतात. नऊ जण एकत्र गेलात तर बसायला मिळणार नाही. तिघातिघांनी वेगळं व्हावं.

प्रश्न : कोयासानला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, हे खरं का? आमच्यातल्या चौघांना तिथे जायचं आहे, पाच जणांना युनिव्हर्सल स्टुडिओ. एका दिवसात होईल का, आणि परवडेल का?
– त्याच गटातली एक विद्यार्थिनी

उत्तर : खरं आहे. 10 सप्टेंबर 2015 रोजी कोयासान विद्यापीठाच्या आवारात त्या पुतळ्याचं अनावरण तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. कोयासान वाकायामा प्रांतात येतं आणि त्या प्रांताशी महाराष्ट्राचा 2013 पासून सहकार्याचा करार आहे.

परवडण्याचं म्हणाल तर स्टुडिओचं साधं तिकीटच 8,600 येनपासून सुरू होतं. कोयासानची जाऊन-येऊन रेल्वे आणि वरची बस मिळून चार हजारांच्या आत बसते. योगायोग असा की तिकडची गाडी तुमच्या स्वस्त खोलीच्या दारातूनच जाते. नानकाईची कोया मार्गावरची गाडी नाम्बाहून निघते आणि शिन-इमामियाला थांबते. बऱ्याचदा हाशिमोतोला गाडी बदलावी लागते. तिथून पुढे एकेरी रूळ, दाट सीडरची झाडी आणि बोगद्यांमागून बोगदे. वळणावर चाकं करकरतात आणि गाडी सायकलच्या वेगानं चढते. गोकुराकुबाशी या शेवटच्या स्टेशनवर दोरानं ओढल्या जाणाऱ्या डब्यात बसायचं. पाच मिनिटांत तो सव्वातीनशे मीटरहून जास्त वर चढवतो. वरच्या स्टेशनहून गावात बसनंच जावं लागतं, त्या रस्त्यावर चालायला परवानगी नाही.

गाव सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. इ.स. 816 मध्ये कुकाई या भिक्षूनं इथे शिंगोन पंथाचा मठ वसवला. आज शंभरावर मंदिरं आहेत. या पंथाच्या गुरुपरंपरेत नागार्जुनाचं नाव येतं. तुम्ही रामटेकला गेलात तेव्हा जवळची नागार्जुन टेकडी कोणीतरी बोट करून दाखवली असेलच. इंदोऱ्याच्या विहारात राहणारे भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी आपल्या नावात हेच नाव धारण केलं. ते जपानच्या ओकायामाचे. 1960 च्या दशकात भारतात आले, नागपूरला राहिले आणि 1988 मध्ये भारताचे नागरिक झाले. त्याच्याही आधी, 1933 मध्ये, निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. सेवाग्रामच्या प्रार्थनेत एक जपानी मंत्र आहे, तो त्यांच्याकडून आला. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप पाहिला असेल तर तोही त्यांच्याच संघाचा.

उलट्या दिशेनं गेलेला माणूस त्याहून जुना. 736 मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू नानिवा बंदरात उतरला. नानिवा म्हणजे आजचं ओसाका. 752 मध्ये नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. त्यानं धरलेल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि खाली उभ्या लोकांनी त्या दोऱ्यांची टोकं हातात धरली होती, म्हणजे डोळा रेखण्यात सगळ्यांचा हात लागावा. नाराला हरणांना बिस्किटं देऊन परतू नका, त्या मूर्तीसमोर हे आठवून थोडं उभे राहा.

तुम्ही चौघं पुतळ्यासाठी जात आहात, म्हणून आणखी एक सांगतो. जपानमध्येही जन्मावरून माणसं दूर ठेवली गेली. कातडं कमावणारी, जनावरं सोलणारी माणसं वेगळ्या वस्त्यांत राहायची, त्यांना बुराकुमिन म्हणतात. 1871 मध्ये सरकारी हुकमानं भेद रद्द झाला, पण लग्नात आणि नोकरीत तो पुढेही चालत राहिला. 3 मार्च 1922 रोजी क्योतोत त्यांनी सुइहेइशा ही स्वतःची संघटना उभी केली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. शिन-इमामियाहून लूप मार्गानं दोन स्टेशनं गेलात की आशिहाराबाशी लागतं. कातड्याचे मोठे ढोल बनवणाऱ्या कारागिरांची ती जुनी वस्ती, आणि तिथला रस्ता त्यांच्या ढोलांच्या सन्मानार्थ सजवलेला आहे. अर्धा तास पुरतो. दीक्षाभूमी घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मुलांनी तेवढी वाट वाकडी करावी असं मला फार वाटतं.

कोयासानला दिवस असा धरा. सकाळी सातच्या आत निघा, म्हणजे दहापर्यंत वर पोचाल. आधी विद्यापीठात जा. ते 1886 पासूनचं, आटोपशीर आणि शांत आहे. आवारात शिरताना कार्यालयात सांगून जावं, वर्ग चालू असतात. मग पूर्वेकडच्या ओकुनोइन स्मशानभूमीतून चाला. दोन किलोमीटरची वाट, दोन्हीकडे शेकडो वर्षांचे सीडर आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. सरदारांच्या आहेत, तशाच कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी बांधलेल्याही आहेत. वाळवीचं औषध मारणाऱ्यांच्या संघटनेनं मारल्या गेलेल्या वाळवीसाठी उभारलेलं एक स्मारकही तिथे आहे. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचा नाही, फोन पिशवीत ठेवायचा. मंदिरात मुक्काम महाग आहे, तो पुढे नोकरी लागल्यावर. मात्र तिथलं मठाचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, माशाची दाशीसुद्धा नाही, आणि गोठवून वाळवलेला कोया-टोफू इथलाच. आजींच्या नातीला या चौघांत जरूर घ्या.

स्वेटर न्या, मे महिन्यातही वर गारठा असतो. स्टुडिओवाल्यांशी भांडू नका, त्यांना त्यांचा दिवस मिळू दे. वरून साडेसहाच्या सुमारास निघालात तर नऊच्या आत शिन-इमामियाला उतराल. तेव्हा तामादेत स्टिकर लावणारा माणूस आलेला असतो.